बुयबुय

तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचा मला हेवा वाटायचा. नर्सिंगची पदविका, भिंतीवर चौकटीत लावलेली दोन प्रमाणपत्रं, छातीवर इन्चार्ज सिस्टरचा बिल्ला, आणि हेवा कुणाचा, तर पोतं मारणाऱ्या बाईच्या अंगठ्याचा! सुरतेत फरशी पुसण्याला पोतं मारणं म्हणतात. इतकी वर्षं ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नाही. आता निवृत्त झाले आहे, बिल्ला कधीच कपाटात गेला, तेव्हा सांगायला हरकत नाही.

उधन्याच्या बाजूला एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांच्या बायका तिथे बाळंतपणाला यायच्या. कुणी धुळ्याकडच्या, कुणी परभणीच्या, कुणी ओडिशाच्या. मी अमरावतीची. नवरा हजीऱ्याला कंपनीत नोकरीला, म्हणून मी सुरतेत. ती खानदेशातली, नवऱ्यामागे लूमच्या कामासाठी आलेली आणि नवरा गेल्यावर हॉस्पिटलात लागलेली. सगळं हॉस्पिटल तिला मासी म्हणायचं. बुटकी, काटक, हॉस्पिटलची निळी साडी पोटऱ्या उघड्या पडतील इतकी वर खोचलेली. कमरेला एका बाजूला बाटली धुवायचा ब्रश, दुसऱ्या बाजूला नारळाच्या शेंडीचा बोळा आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. या शस्त्रांनिशी ती सकाळी सात वाजता वॉर्डात शिरली की मी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत राहायचे.

कारण तो अंगठा. नळ असो, खाटेचा दांडा असो, सलाइनचा स्टँड असो, ती अंगठा टेकवायची आणि हळूच पुढे सरकवायची. अंगठा चिकट थराला अडून मध्येच थांबला की म्हणायची, "बुयबुय शे." मग तिथे ती बसकणच मारायची आणि घासायला लागायची. अंगठा थांबला नाही, तर एक शब्दही न बोलता पुढे जायची. 'स्वच्छ आहे' असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तिचं गप्प राहणं हीच शाबासकी, आणि ती पुरुषांच्या वॉर्डातल्या आळशी सिस्टरला मिळायची, ऑपरेशन थिएटरच्या मुलाला मिळायची. माझ्या विभागात मात्र अंगठा थांबल्याशिवाय राहायचा नाही. मी आदल्या दिवशी उभं राहून पुसून घेतलं असलं तरी थांबायचा.

बुयबुय म्हणजे बुळबुळ. खानदेशात ळचा य होतो. आमच्या अमरावतीकडेही होतो. लहानपणी मीसुद्धा डोया आणि काया म्हणायचे. नर्सिंगच्या शाळेत मुली हसल्या, तेव्हा रात्रंदिवस घोकून मी माझे सगळे य परत ळ करून घेतले. आणि इथे ही बाई आपला य घेऊन ऐटीत फिरत होती, आणि तो शब्द सगळ्या हॉस्पिटलाने उचलला होता. आमचे बाळांचे डॉक्टर साहेब पक्के सुरती, तेसुद्धा राउंडला आले की बेसिनकडे बोट दाखवून विचारायचे, "मासी, बुयबुय छे?" मला कधी काही विचारायचे नाहीत. मी वही घेऊन मागे उभी.

तिचं एक शास्त्र होतं. ते तिने मला पहिल्याच महिन्यात ऐकवलं. मी बेसिनमध्ये जंतुनाशक ओतत होते, शिकवल्याप्रमाणे, मोजून वीस मिनिटं भिजू द्यायचं म्हणून. ती शेजारी येऊन उभी राहिली.

"वरथून औषध टाकं तं ते छप्परवर पडस, शिष्टर," ती म्हणाली. "ती घरमा बठेल शे."

"कोण ती?"

"बुयबुय. तिन्हं घर शे ते. पहिले छप्पर काढा, मंग औषध टाका."

मला हसू आलं आणि रागही आला. जंतूंना कुठे घरं आणि छपरं असतात का? माझ्या पुस्तकात जंतू एकेकटे, पाण्यात तरंगणारे काढले होते. औषध पडलं की मेले. मी म्हटलं, "मासी, तुम्ही पोतं मारा. औषधाचं मी बघते." ती गेली. जाताना नळाच्या तोंडात अंगठा घालून मात्र गेली, आणि तो थांबला.

तिच्या तऱ्हा किती सांगाव्यात! जेवणाच्या सुट्टीत आपली कळण्याची भाकरी सोडून ती दुसऱ्यांचे डबे उघडायची. खाण्यासाठी नव्हे. झाकणातलं रबराचं कडं नखाने उचलून त्याच्या खाली अंगठा फिरवायला. आया तिच्यासमोर डबा उघडायला भ्यायच्या. फाटकाशी गणपतीचं छोटं देऊळ होतं, तिथल्या अभिषेकाच्या तोटीत तिने एकदा अंगठा घातला आणि पुजारी महाराजांना तोंडावर सांगितलं, की तुमचा देव बुयबुयीने आंघोळ करतो. महाराज चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी तोटी लखलखत होती आणि देवळातल्या सगळ्या नारळांच्या शेंड्या मासीसाठी बाजूला ठेवल्या जाऊ लागल्या.

एकदा ट्रस्टचे मोठे शेठ तपासणीसाठी दोन दिवस खास खोलीत राहिले. कवळी वाटीत काढून ठेवलेली. मी खोलीत फुलं ठेवली, नवी चादर घातली, थर्मामीटर स्वतः पुसला. मासी पोतं घेऊन आली, वाटीत अंगठा घातला आणि म्हणाली, "शेठ, तुमना दातस्वर बुयबुय शे." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेठ संतापले, मला बोलावून झापलं. तेवढ्यात तिने कवळी शेंडीने घासून, धुऊन त्यांच्या हातावर ठेवलीसुद्धा. शेठनी ती तोंडात घातली, दोनदा जीभ फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कवळी घासायला मासीला बोलावणं धाडलं. माझी फुलं तशीच सुकली.

आणि प्लेगचं वर्ष. तेव्हा अर्धं सुरत स्टेशनवर होतं आणि त्या अर्ध्यात मीही होते. नवरा कुठून तरी तिकिटं घेऊन आला, मुलांना घेऊन आम्ही अमरावती गाठली. परत आले तर मासी तिथेच. कुठे गेलीच नव्हती. डॉक्टर साहेब आणि ती, दोघांनी मिळून बाळांची खोली चालू ठेवली होती. रस्त्यांवर सगळीकडे पांढरी पावडर टाकलेली होती. मी कौतुकाने म्हटलं, की बघा, शहर कसं स्वच्छ करतायत. ती म्हणाली, "घान तठेच ऱ्हास, शिष्टर. फक्त धवयी दिसस." म्हणजे घाण तिथेच राहते, नुसती पांढरी दिसते. पळून गेल्याबद्दल ती मला काही बोलली असती तर मी भांडले असते. पण ती त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही, याचाच मला जास्त राग आला.

आता ते सांगते, जे सांगायचं म्हणून बसले आहे.

बाळांच्या खोलीच्या दाराशी फळीवर काचेची एक मोठी बाटली असायची. तिच्या बुडाशी नळी लावायला तोंड, त्याला हातभर रबरी नळी, नळीला चिमटा. बाटलीत पाण्यात मिसळलेलं पिवळं जंतुनाशक. बाळाला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने चिमटा दाबायचा आणि त्या पाण्याने हात धुवायचे. या बाटलीचा कारभार माझ्याकडे. आमच्या घरी मिठाची बरणी कधी रिकामी होऊ दिली जात नसे. तळ दिसायच्या आत वरून भर घालायची. चुकून संपलंच तर 'मीठ संपलं' म्हणायचं नाही, 'मीठ वाढलं' म्हणायचं. ही सवय माझ्या हाडात भिनलेली. तेव्हा बाटली अर्ध्यावर आली की मी वरून नवं जंतुनाशक ओतायचे. माझ्या खोलीतली बाटली कधी वाढली नाही, याचा मला अभिमान होता.

मासीला हेच बघवत नव्हतं. ती दर शनिवारी बाटली ओतून द्यायची, आत वाळू आणि शेंडी घालून खळखळवायची, नळी काढून तारेच्या ब्रशाने आतून घासायची आणि दोन्ही गच्चीवर उन्हात ठेवायची. एका शनिवारी डॉक्टर साहेब लवकर आले, हात धुवायला गेले, तर फळी रिकामी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी धावत गच्चीवर गेले.

"मासी, बाटली कुठे आहे?"

"उन्हमा ठेवेल शे. सुकेल नही आजून."

"कुणाला विचारून रिकामी केली? इथे इन्चार्ज कोण आहे?"

"तुमीच शेत, शिष्टर," ती शांतपणे म्हणाली. "पन बाटलीनं पोट कधी रिकामं करशात? जुनावर नवं, जुनावर नवं. खालनं कधी जाई?"

मी ओली बाटली तशीच उचलून खाली आणली. डॉक्टर साहेब दारात उभे होते. मला वाटलं, आता तरी ते माझ्या बाजूने बोलतील. ते हसले आणि म्हणाले, "सुकावा दो ने, सिस्टर. मासी कहे छे तो." म्हणजे मासी म्हणतेय तर सुकू द्या.

त्याच दुपारी मी पाळ्यांचा तक्ता नव्याने लिहिला. मासीला कपडे धुण्याच्या खात्यात टाकलं. कारणाच्या रकान्यात 'वय' असं लिहिलं. खरं कारण एवढंच, की माझ्या खोलीत मी सोडून दुसऱ्या कुणाचं चालतं हे मला सहन होत नव्हतं. तिच्या जागी माझ्या पसंतीची बाई आली. चटपटीत, सुवासिक, मी म्हणेन त्याला हो म्हणणारी. बाटलीला ती हात लावत नव्हती, कारण मीच तसं बजावलं होतं. मी रोज भर घालत होते.

तीन महिने गेले आणि बाळांना ताप यायला लागले. आधी एक, मग आठवड्यात दुसरं, मग तिसरं. तिसरी मुलगी परभणीकडच्या जोडप्याची, मुठीएवढी, वेळेआधी झालेली. बाप लूमवरून सुटला की थेट येऊन काचेला नाक लावून उभा राहायचा आणि मला विचारायचा, "सिस्टर, पोरगी दूध घेती का वो?" घेत नव्हती. तिन्ही बाळं शेवटी वाचली, हे आधीच सांगून टाकते, नाही तर पुढचं लिहायला माझाच हात धजणार नाही. पण त्या दिवसांत ते आम्हाला माहीत नव्हतं.

डॉक्टर साहेबांनी सगळ्या खोलीचे नमुने लॅबला पाठवायला सांगितले. कापसाची काडी जागोजाग फिरवून मी स्वतः नमुने घेतले. त्याआधी सगळं पुसून घेतलं. कशानं? त्याच जंतुनाशकानं. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तसं. लॅबचं उत्तर आलं: कुठेही वाढ नाही. ओल्या औषधातच काडी फिरवली तर लॅबमध्ये काय वाढणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी तो कागद डॉक्टर साहेबांपुढे ठेवला आणि मान ताठ करून उभी राहिले. त्यांनी वाचला, घडी केली, आणि म्हणाले, "मासीने बोलावो." मासीला बोलवा.

ती साबणाचे हात पुसत आली. दाराशीच थांबली. बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर वळवली. तिने काचेवरून अंगठा फिरवला नाही, नळीवरूनही नाही. चिमटा काढला, नळी खेचून काढली, कमरेचं ब्लेड घेतलं आणि नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरली. आतून अंगठा फिरवला. थर इतका जाड, की अंगठा अडला नाही, घसरलाच. तिने तो वर उचलला तेव्हा त्याच्याबरोबर पिवळट तार निघाली, शिजलेल्या भेंडीसारखी.

बुयबुय शे, असं ती म्हणाली नाही. तिने फक्त अंगठा माझ्यापुढे धरला. ज्या पाण्याने आम्ही सगळे बाळांसाठी हात धुत होतो, ते या नळीतून येत होतं. माझ्या बाटलीत काही संपलं नव्हतं, हे खरंच. आत वाढत होतं.

ती खरवड लॅबमध्ये गेली आणि तिच्यात जे जंतू निघाले तेच बाळांच्या रक्तात निघाले. बाटली गेली, नळी गेली, औषध बदललं, मासी परत आली. पंधरा दिवसांनी परभणीची मुलगी दूध ओढायला लागली. तिचा बाप पेढे घेऊन आला आणि पहिला मला दिला, कारण बिल्ला माझ्या छातीवर होता. मी खाल्ला.

पेढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. ट्रस्टने अहवाल मागितला. मी तो क्लार्ककडून गुजरातीत लिहवून घेतला. मासीचं नाव घालायला पेन उचलावं लागणार नव्हतं, नुसतं तोंडाने सांगायचं होतं. तेही मला जमलं नाही. मी क्लार्कला म्हटलं, लिही: 'ध्यानमां आव्युं छे के नळीमां चीकाश जामी हती.' नळीत चिकटा साचल्याचं ध्यानात आलं आहे. ध्यानात कुणाच्या आलं ते नाही.

त्यावरून वरच्या हॉलमध्ये छोटा समारंभ झाला. अहवाल वाचून दाखवला गेला, शेठनी मला शाल आणि नारळ दिला. डॉक्टर साहेब त्या आठवड्यात परगावी गेले होते. असते तर काय झालं असतं, याचा विचार मी तेव्हाही टाळला. मासी मागे पोतं घेऊन उभी होती. कार्यक्रम संपल्यावर जिन्यात भेटली.

"शिष्टर," ती म्हणाली, "ते वाचं ना, ध्यानमां आव्युं."

"हो."

"कोना ध्यानमा उनं?"

 शाल गरम होत होती. "सगळ्यांच्याच," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. चिडलेली नव्हती. नळाकडे बघायची तशी बघत होती. मग म्हणाली, "नारय फोडशात तं शेंडी माले द्या." आणि पोतं घेऊन खाली गेली.

शेंडी मी दुसऱ्या दिवशी आणून दिली. त्याच शेंडीने तिने महिनाभर माझ्या खोलीतली बेसिनं घासली.

दोन वर्षांनी तिची नोकरी संपली. तिच्या निरोपाला मी रजेवर होते, रजा मुद्दाम घेतली होती. त्यानंतर, नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा, आम्हा इन्चार्ज सिस्टरांना एका प्रशिक्षणाला पाठवलं. पडद्यावर चित्रं दाखवत एक तरुण डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की जंतू एकेकटे राहत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात, आत वस्ती करतात, आणि वरून टाकलेलं औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधी घासायचं, मग औषध. त्याला त्यांनी बायोफिल्म असं नाव सांगितलं. सगळ्याजणी लिहून घेत होत्या. मी वहीत लिहिलं: बुयबुय. य काढून ळ घातला नाही.

त्याच वर्षी एका सकाळी खालून निरोप आला, की जुनी मासी आली आहे, खुबा मोडलाय, खाली खाट नाही, तुमच्याच मजल्यावर पाठवतोय. कशी पडली, तर सुनेच्या मोरीत पाय घसरून. एक्स-रे आणि बाकी सगळं होऊन वर यायला तासभर तरी लागणार होता. मी खिडकीशेजारची खाट ठरवली आणि पाळीवरच्या आयाला हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. देवळातून शेंडी आणवली. साडी खोचली, गुडघ्यांवर बसले आणि खाटेचा दांडा घासायला घेतला. दांड्याचे सांधे, कपाटाची मूठ, पाण्याच्या भांड्याचं तोंड, झाकणाची खाच. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांकडून घासून घेत होते. स्वतः घासताना कळलं, की कुठे अडतं ते बोटाला आपोआप समजत जातं. नखं तुटली. हातांना वास लागला. औषध मी शेवटी लावलं.

तिला आणून खाटेवर ठेवलं तेव्हा ती दुखण्याने पांढरी पडली होती, पण पहिलं वाक्य सुनेबद्दलच होतं. "दोन महिना व्हयनात, मोरी घशेल नही. बुयबुयवरथून पाय सटकना, शिष्टर. मन्हा!" तिचा, आणि बुयबुयीवरून पाय घसरावा, हा अपमान तिला खुब्यापेक्षा जास्त लागला होता.

मग तिने उजवा हात बाहेर काढला आणि अंगठा दांड्यावर टेकवला.  अंगठा निघाला. पहिला सांधा ओलांडला, दुसरा ओलांडला, कोपऱ्यात वळला. थांबला नाही. तिने तो परत आणला, पुन्हा नेला. माझ्या विभागात पहिल्यांदाच थांबला नाही.

"हाई कोन घसं?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. 'मी' अगदी ओठांवर होतं. पण तिला उत्तर नकोच होतं, तिने ते स्वतःच ठरवून टाकलं होतं. "नवी बाई ठेवी का तुमीनं?" ती डोळे मिटत म्हणाली. "तिन्हा हात चांगला शे. मन्हापेक्षा बी. तिले सांगज्यात."

एवढं ती कधी कुणाबद्दल बोलली नव्हती. मला जिना आठवला, ती शाल आठवली. मी हात पदराखाली घेतले.

"सांगते," म्हटलं.

ती झोपली. मी खाटेखाली राहिलेला शेंडीचा बोळा पायाने आत सरकवला आणि तिथेच उभी राहिले. चांगल्या हाताची जी बाई आमच्या हॉस्पिटलात कुठल्याच पाळीला नव्हती, तिचा मला असा हेवा वाटला, की तसा मासीचाही कधी वाटला नव्हता.